घरातली वायरिंग मोजायची कशी: मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर आणि अर्थ टेस्टर

गीझरचा प्लग हाताला गरम लागतो आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. सॉकेटला मल्टिमीटर लावलं तर २३२ व्होल्ट दिसतात. एवढ्यावर बरेच जण म्हणतात, "व्होल्टेज बरोबर आहे, गीझरचं कॉइल गेलं असेल." कॉइल बदलतात, आणि महिन्याभरात सॉकेट काळा पडतो.

२३२ हा आकडा खरा होता, पण तो गीझर बंद असतानाचा. सैल जोडातून करंट वाहत नसेल तोवर तिथे व्होल्टेज पडत नाही. मीटर जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेतं, त्यामुळे त्याला तो जोड दिसतच नाही. म्हणून कुठलंही माप घेताना तीन गोष्टी आकड्याबरोबरच लिहायच्या: कोणत्या दोन टोकांमध्ये मोजलं, लोड (करंट घेणारं उपकरण) चालू होता की बंद, आणि कोणत्या मीटरने मोजलं. या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा वहीत लिहून काही उपयोग नाही. या गीझरचा दोष कसा पकडायचा ते पुढे येतंच. आधी हातातल्या साधनाकडे बघू.

मीटर घेताना काय बघायचं

घरगुती कामाला २३० व्होल्ट एसी मोजता आले की झालं, असं वाटतं. पण मीटरची खरी कसोटी चूक झाल्यावर लागते. डायल करंटवर राहिला आणि प्रोब फेज-न्यूट्रलला लागले, तर मीटरमधून शॉर्ट सर्किटचा करंट जातो. चांगल्या मीटरमध्ये अशा वेळी वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी (मोठा करंटही सुरक्षित तोडणारा) फ्यूज आतल्या आत करंट तोडतो. स्वस्त मीटरमध्ये छोटा काचेचा फ्यूज असतो, आणि १० अँपिअरच्या भोकाला तर पुष्कळदा फ्यूजच नसतो. मग मीटर हातातच फुटतं.

मीटरवर 'कॅट' आणि पुढे रोमन आकडा छापलेला असतो. कॅट २ सॉकेटला लावायच्या उपकरणांसाठी, कॅट ३ घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डासाठी आणि कॅट ४ बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या टोकासाठी. मीटर बोर्डाच्या जितकं जवळ जाल तितका शॉर्टचा करंट मोठा आणि विजेच्या कडकडाटात येणारा झटकाही मोठा. बोर्डावर काम करायचं असेल तर कॅट ३, ६०० व्होल्टच्या खालचं मीटर घेऊ नका. प्रोबच्या वायरींवरही हेच रेटिंग छापलेलं हवं. मीटर कॅट ३ आणि वायरी रस्त्यावरच्या पन्नास रुपयांच्या, असं असेल तर रेटिंग वायरींचंच धरायचं.

आणखी दोन सोयी असतील तर पैसे वसूल होतात. एक 'ट्रू आरएमएस', दुसरी 'लो-झेड'. दोन्हींचं काम खाली येईल. मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा मात्र नक्की घ्या. दोन्ही हातांत प्रोब धरून चालू टर्मिनलवर नेम धरण्यापेक्षा, पुरवठा बंद करून क्लिपा लावाव्यात, हात बाजूला घ्यावा आणि मगच पुरवठा चालू करावा. खाली दिलेली बहुतेक मापं अशीच घ्यायची आहेत.

बंद आहे याची खात्री

निऑनचा साधा टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे, असं समजू नका. त्याचा करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. तुम्ही लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल, किंवा खोलीत लख्ख ऊन असेल, तर दिवा दिसणारच नाही. उलट, शेजारच्या वायरीच्या प्रभावाने मेलेली वायरही मिणमिणते. टेस्टर फेज शोधायला ठीक आहे. "बंद आहे" हे ठरवायला तो नको.

खात्री अशी करायची. मीटर आधी माहितीच्या चालू सॉकेटवर लावून २३० च्या आसपास दिसतंय ना ते बघा. मग एमसीबी (बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या माणसांना सांगा. काम करायच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं शून्य येतात का बघा. शेवटी मीटर परत त्याच चालू सॉकेटवर नेऊन बघा. मधल्या वेळात प्रोबची वायर आतून तुटली असेल तर तीनही शून्यं खोटी ठरतात, आणि ते फक्त या शेवटच्या पायरीत कळतं.

न्यूट्रल-अर्थ माप गाळू नका. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर एमसीबी पाडल्यावरही उपकरणापर्यंत जिवंत फेज पोचतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा आउटपुट वेगळा बंद करा, कारण मेन स्विच पाडल्याबरोबर तो स्वतःहून चालू होतो.

मीटर बोर्डावरच्या वीज मीटरचं सील आणि त्याच्या आधीची वायर वीज कंपनीची असते. तिथे हात घालायचा नाही. बोर्डाच्या आतलं कामही परवानाधारक वायरमनने करावं. घरमालकाने मात्र ही मापं समजून घ्यावीत, म्हणजे काय तपासलं आणि काय नाही, हे विचारता येतं.

सॉकेटवरची तीन मापं

काळा प्रोब 'कॉम'च्या भोकात, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात, डायल एसी व्होल्टवर. सॉकेटकडे तोंड केल्यावर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं.

फेज-न्यूट्रल २१६ ते २४४ च्या दरम्यान असावं. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, लोड मोठा असेल तर तीन-चार. न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ शून्य आलं, तर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत. फेज-अर्थ ८०, ११० असं काहीतरी अधांतरी आलं, तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा लावलेलीच नाही.

एक आकडा मुद्दाम जपून वाचायचा. लांबच्या खोलीत इस्त्री चालू आहे आणि तरी न्यूट्रल-अर्थ अगदी ०.०. हे चांगलं लक्षण नाही. न्यूट्रलमधून करंट जात असताना त्यात एखादा व्होल्ट तरी पडायलाच हवा. तो पडलेला दिसत नसेल तर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलला तुकडा जोडून 'अर्थिंग' केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अर्थची वायर ओढायची राहिली की काही जण हा उपाय करतात. वायरिंग चालू असते तोवर काही कळत नाही. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटतो, त्या दिवशी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, तेही अर्थच्याच पिनमधून. मेन बंद करून सॉकेट उघडा आणि असा तुकडा दिसला तर काढून टाका. अर्थची खरी वायर ओढेपर्यंत त्या सॉकेटला पत्र्याच्या अंगाचं काही लावू नका.

आता अधांतरी आकड्यांबद्दल. एकाच पाइपातून फेजची वायर आणि तिच्याशेजारी दुसरीकडे न जोडलेली वायर दहा मीटर गेली, तर दोघींमध्ये साधारण एक हजार पिकोफॅरडचं कपॅसिटन्स तयार होतं. ५० हर्ट्झला हा सुमारे ३२ लाख ओहमचा अडथळा झाला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध असतो १ कोटी ओहम. त्यामुळे त्या मोकळ्या वायरीवरही मीटरला भरघोस व्होल्टेज दिसतं, पण त्यामागे ताकद नसते. लो-झेडवर मीटरचा रोध काही हजार ओहमवर येतो आणि हे भुताटकीचं व्होल्टेज लगेच कोसळतं. लो-झेड नसेल तर होल्डरमध्ये १५ वॉटचा तारेचा बल्ब घेऊन तो त्या दोन टोकांना लावा आणि बल्ब लागलेला असतानाच मोजा. खरा फेज असेल तर बल्ब पेटतो आणि आकडा टिकतो. यासाठी एलईडी बल्ब चालत नाही. तो अगदी थोड्या करंटवरही मिणमिणतो आणि गोंधळ वाढवतो.

गीझरचा सैल जोड

२ किलोवॉटच्या गीझरचं कॉइल मोजायचं तर प्लग काढून, प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजा. २३० गुणिले २३० भागिले २००० म्हणजे सुमारे २६ ओहम यायला हवेत. थर्मोस्टॅट चालू स्थितीत हवा, म्हणजे पाणी थंड हवं. २६ च्या आसपास आले तर कॉइल ठीक आहे, बदलू नका.

मग एमसीबी पाडा, गीझरचं झाकण काढा, आतल्या टर्मिनलवर क्लिपा लावा आणि पुरवठा चालू करा. समजा गीझर बंद असताना २३२ आणि चालू असताना २१९ व्होल्ट आले. २१९ भागिले २६.५ म्हणजे करंट ८.३ अँपिअर. वाटेत १३ व्होल्ट पडले. आता हे कुठे पडले त्याचा हिशेब करायचा.

तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात-आठ ओहम असतो. बोर्डापासून गीझरपर्यंत २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, ०.३ ओहम. ८.३ अँपिअरला अडीच व्होल्ट. हे वाजवी आहे. बोर्डाच्या इनकमरवर (बाहेरून येणारी वायर जोडतात तिथे) गीझर चालू-बंद करून मोजलं आणि २३२ चे २२९ झाले, तर तीन व्होल्ट बाहेरच्या सर्व्हिस वायरीत पडले. उरले साडेसात व्होल्ट. ते एकाच ठिकाणी पडत असतील तर साडेसात गुणिले ८.३, म्हणजे ६२ वॉट उष्णता त्या एका स्क्रूखाली तयार होते आहे. घरी वापरायची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची असते, यावरून कल्पना करा.

ती जागा शोधायला एकाच वायरीच्या दोन टोकांवर मोजायचं. एमसीबीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूवर. स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर. सॉकेटच्या टर्मिनलपासून प्लगच्या आतल्या स्क्रूपर्यंत. प्रत्येक ठिकाणी आधी पुरवठा बंद, मग क्लिप, मग चालू. लोडवर चांगल्या संपर्कात काही मिलिव्होल्ट, फार तर दशांश व्होल्ट पडतात. जिथे दोन व्होल्टच्या वर दिसेल तीच जागा. मात्र क्लिपा दोन्हीकडे फेजवर असल्याने मीटरवर आकडा लहान दिसला तरी टर्मिनल २३० व्होल्टचं आहे. आकडा बघून बोट लावायचं नाही.

जागा सापडल्यावर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. तापून काळं पडलेलं तांबं आणि विटलेली स्प्रिंग परत तापणारच. वायरीचं टोक कापून नवं सोला, टर्मिनल किंवा सॉकेट बदला आणि परत लोडवर मोजा. गीझर चालू झाल्यावर घरातले दिवेही मंद होत असतील, तर दोष गीझरच्या लाइनमध्ये नाही. तो सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या भागात, म्हणजे मेन स्विच, मीटरचं टर्मिनल, सर्व्हिस वायर किंवा न्यूट्रलच्या पट्टीवर आहे.

ओहम मोजताना

सर्किट पूर्ण बंद हवं आणि भागाचं निदान एक टोक सुटं हवं. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावा. ०.२ ते ०.४ ओहम दिसतील. तेवढे प्रत्येक मापातून वजा करायचे. सतत वाजणारा बझर चाळीस-पन्नास ओहमलाही वाजतो, त्यामुळे "बीप आला म्हणजे जोड पक्का" हे चुकीचं आहे. वर हिशेब केलेला ६२ वॉटचा दोष एका ओहमहून कमी होता. तो बझरला कधीच सापडला नसता. बझर फक्त कोणती वायर कुठे जाते हे ओळखायला वापरा.

१०० वॉटचा जुना तारेचा बल्ब असेल तर एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. हिशेबाने त्याचा रोध ५२९ ओहम. मीटर लावलं तर ४० च्या आसपास दिसतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. थंड टंगस्टनचा रोध पेटलेल्या टंगस्टनच्या दहा-पंधरापट कमी असतो. गीझर-इस्त्रीच्या कॉइलमधल्या निक्रोम तारेत हा फरक किरकोळ असतो, म्हणून तिथे थंड मापावरून वॉट काढता येतात, बल्बचे काढता येत नाहीत.

पंखा हळू फिरत असेल तर आधी कपॅसिटर मोजा. छापलेले २.५ मायक्रोफॅरड असतील आणि मीटर १.८ दाखवत असेल तर तो बदला. वाइंडिंगला हात लावायची गरज नाही. मोजण्याआधी कपॅसिटरची दोन्ही टोकं बल्बमधून रिकामी करा. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर तर तीस-पन्नास मायक्रोफॅरडचा असतो आणि त्याचा झटका जबर बसतो.

क्लॅम्प मीटर

जबड्यात एकच वायर हवी. पूर्ण केबल धरली तर फेजचा करंट एका दिशेला आणि न्यूट्रलचा उलट, दोन्ही एकमेकांना मारतात आणि शून्य दिसतं. वायर जबड्याच्या मधोमध ठेवा, जबडा पूर्ण मिटलाय ना बघा, आणि शेजारून दुसरी जाड वायर जात असेल तर थोडं सरका. करंट फार लहान असेल तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घाला आणि आकड्याला दहाने भागा.

ट्रू आरएमएसचा, म्हणजे लहर कुठल्याही आकाराची असली तरी खरं माप देण्याचा, फरक इथे पडतो. साधं मीटर सरासरी मोजून त्याला १.११ ने गुणतं, आणि ते फक्त शुद्ध साइन लहरीलाच लागू पडतं. एलईडी दिवे, टीव्ही, कॉम्प्युटर टोकदार करंट घेतात. तिथे साधं मीटर बरंच कमी दाखवतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या आउटपुटवर उलट ११ टक्के जास्त दाखवतं, म्हणजे खरे २३० असतील तर २५५. इन्व्हर्टर बिघडलाय असं ठरवण्याआधी मीटर कोणतं आहे ते बघा.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेतल्या की शून्य यावं, यातच क्लॅम्पचा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे. शून्य आलं नाही, तर जेवढा करंट दिसतो तेवढा न्यूट्रलने परत न येता दुसऱ्या वाटेने, म्हणजे अर्थमधून जातो आहे. आरसीसीबी, म्हणजे अशी गळती दिसताच पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच, हासुद्धा नेमकं हेच मोजतो. मात्र साध्या क्लॅम्पची सर्वात लहान पायरी १० मिलिअँपिअर असते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी मिलिअँपिअर मोजणारा लिकेज क्लॅम्प लागतो.

३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थमध्ये जात असतो. अशी पाच-सात उपकरणं एका आरसीसीबीवर असली की बेरीजच १५ च्या जवळ जाते आणि कुठलाही दोष नसताना तो पडतो. इथे सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटायची. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे.

सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी टिकत नाही, असंही होतं. कारण न्यूट्रल अजून जोडलेले असतात. कुठेतरी न्यूट्रल ओल्या भिंतीत किंवा खिळ्यामुळे अर्थला टेकला आहे. मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवा आणि दर वेळी आरसीसीबी चढवून बघा. आणि त्याचं 'टेस्ट' बटण फक्त यंत्रणा हलते का ते सांगतं. अर्थिंग चांगलं आहे की नाही, हे ते बटण सांगत नाही.

दारातलं वीज मीटर हेही मोजमापाचं साधन

वीज मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. दहा पल्सना लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. वीस सेकंद लागले तर दहा भागिले ३२०० म्हणजे ३.१२५ वॉट-तास वीस सेकंदांत, अर्थात सुमारे ५६० वॉट. दहा पल्स म्हणजे दहा अंतरं. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणून मोजायला सुरुवात करा. एकच उपकरण चालू ठेवून त्याचे खरे वॉट असे काढता येतात, आणि घरातलं सगळं बंद असताना दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी काहीतरी चालू आहे किंवा गळती आहे. क्लॅम्पने काढलेला करंट गुणिले व्होल्टेज हे वॉट नसतात. पंखा, मोटर, फ्रिज यांत पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट एकाच तालात नसल्याने खरे वॉट कमी भरणं) आडवा येतो. वीज मीटर तो धरूनच मोजतं.

मेगर

मेगर हे मुळात एव्हरशेड आणि विग्नोल्स या ब्रिटिश कंपनीच्या यंत्राचं व्यापारी नाव; आता आपण सगळ्याच इन्सुलेशन टेस्टरला मेगर म्हणतो. साधं मल्टिमीटर ओहम मोजताना काही व्होल्टच लावतं. ओलसर इन्सुलेशन तेवढ्याला दाद देत नाही. मेगर ५०० व्होल्ट डीसी लावतो, म्हणून दोष उघडा पडतो.

सगळी उपकरणं प्लगमधून काढा. एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर, बेल, सेन्सरचे दिवे, सगळं सोडवा. यातलं काही राहिलं तर ५०० व्होल्टने ते जातं किंवा रीडिंग खोटं येतं. आरसीसीबीच्या आउटपुटच्या वायरी सुट्या करा. मेन बंद, आतले एमसीबी चालू, सगळे स्विच चालू. आता फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये मेगर करा. मग दोघींना वेगळं करून एकमेकींत करा. हाताने फिरवायचा मेगर असेल तर आधी दोन्ही वायरी सुट्या ठेवून अनंत आणि टेकवून शून्य दाखवतो ना ते बघा, मग मिनिटाला साधारण १६० फेऱ्यांच्या एकसारख्या वेगाने फिरवा. काटा स्थिर झाल्यावर वाचा. माप झालं की वायरी बल्बमधून रिकाम्या करा. लांब केबलमध्ये भार साठून राहतो.

नियमाप्रमाणे संपूर्ण वायरिंगचं इन्सुलेशन ५० भागिले पॉइंटची (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जागेची) संख्या, एवढे मेगओहम तरी हवं, पण एक मेगओहमहून जास्तीची सक्ती नाही. म्हणजे १०० पॉइंटच्या घराला अर्धा मेगओहम चालतो. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये मात्र शंभराच्या वर येतात, त्यामुळे नव्या घरात दोन मेगओहम आले तर नियमात बसलं म्हणून खूश होऊ नका. कुठेतरी वायर सोलली गेली आहे. कोकणात ऐन पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग मार्चच्या तुलनेत बरंच कमी येणारच, कारण स्विचबोर्डांवरच दमट थर बसतो. म्हणून तारीख आणि हवा लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत मोजा. एकदम खाली आलेलं सर्किट शोधायला एकेक एमसीबी पाडत जायचं.

अर्थिंगचा खड्डा

मीटरने फेज-अर्थ २३० आले म्हणून अर्थिंग चांगलं, असं होत नाही. हजार ओहमच्या अर्थिंगवरही डिजिटल मीटर २३० च दाखवणार. खरं माप अर्थ टेस्टरने घ्यायचं.

मेन बंद करून घराची अर्थ वायर खड्ड्याच्या पाइपापासून सोडवा. ही वायर सुटी असताना घरात कुणीही काही चालू करायचं नाही. टेस्टरचं एक टोक पाइपाला, करंटची सळई एका सरळ रेषेत ३० मीटरवर, व्होल्टेजची सळई त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर म्हणजे १८.६ मीटरवर ठोका. रीडिंग घ्या. मग मधली सळई तीन मीटर अलीकडे आणि तीन मीटर पलीकडे नेऊन परत घ्या. तिन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत जुळले तर त्यांची सरासरी हेच उत्तर. जुळले नाहीत तर करंटची सळई आणखी लांब न्या. सळईभोवती पाणी ओतलं तर चालतं. पाइपाच्या खड्ड्यात मात्र मोजण्याआधी बादल्या ओतू नका, ते स्वतःलाच फसवणं आहे. फरशी आणि डांबर असलेल्या शहरात सळया ठोकायला जागा नसते. तिथे लूप इम्पिडन्स टेस्टर, म्हणजे फेजमधून अर्थमार्गे परत येणाऱ्या पूर्ण वाटेचा अडथळा मोजणारं मीटर, वापरतात. जबड्याचा अर्थ टेस्टर एकाकी पाइपावर चालत नाही, त्याला करंट परत यायला दुसरी अर्थची वाट लागते.

मापं मे महिन्यात घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाइपाला चिकटलेली माती सुटते. मुरूम आणि कातळात तर ओल टिकतच नाही. जुलैत आलेले तीन ओहम मेमध्ये वीस होऊ शकतात. वीस ओहमवर पूर्ण फेज पत्र्याला टेकला तरी २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअरच वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी हलणारसुद्धा नाही, आणि पत्रा जिवंत राहील. पाच ओहम असले तरी ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० लागतात, म्हणजे त्याला काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी आरसीसीबी हवाच, आणि आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवंच.

थ्री फेज आणि शेतातली मोटर

थ्री फेज कनेक्शनवर सहा मापं घ्या: तीन फेज-फेज, तीन फेज-न्यूट्रल. फेज-फेज तिन्ही ४०० च्या आसपास सारखे, पण फेज-न्यूट्रल १७१, २७१, २६२ असे विस्कटलेले, याचा अर्थ एकच: न्यूट्रल सुटला आहे. सिंगल फेजच्या घरात हेच शेजाऱ्याची मोटर चालू-बंद होताना व्होल्टेज झोके घेऊन दाखवतं. इथे पुढचं मोजत बसू नका. मेन पाडा आणि वीज कंपनीला कळवा. दर मिनिटाला कुणाचा तरी टीव्ही-फ्रिज जातो आहे.

मोटरच्या स्टार्टरवर मोटर चालू असताना तिन्ही फेज-फेज मोजा. ४१२, ४०५, ३८० आले तर सरासरी ३९९, सर्वात जास्त फरक १९, असमतोल पावणेपाच टक्के. करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहापट होऊ शकतो, म्हणून लगेच क्लॅम्पने तिन्ही वायरींचे करंट घ्या आणि नेमप्लेटशी ताडून बघा. एखाद्या वायरीत नेमप्लेटपेक्षा जास्त दिसला तर मोटर थांबवायची. जास्त करंट कुठून येतो हे ओळखायला तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवून जोडा, म्हणजे मोटरची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट त्याच पुरवठ्याच्या फेजवर राहिला तर दोष लाइनचा, आणि वायरीबरोबर सरकला तर मोटरचा किंवा केबलचा.

डीपीवर (पुरवठा देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर) एका फेजचा फ्यूज गेला आणि मोटर आधीपासून फिरत असेल, तर ती दोन फेजवर घरघरत फिरत राहते. अशा वेळी स्टार्टरच्या आउटपुटवर मोजलं तर गेलेल्या फेजवरही तीनशेच्या वर व्होल्ट दिसतात. ते पुरवठ्याचे नसतात. फिरणारी मोटरच ते तिसऱ्या वाइंडिंगमध्ये तयार करते. फसायचं नसेल तर मोटर बंद करा आणि स्टार्टरच्या इनकमिंग टर्मिनलवर परत मोजा. गेलेला फेज तिथे लगेच उघडा पडतो. त्यानंतर पुरवठा तोडून बोअरमधून वर आलेल्या तीन वायरींत दोन-दोन करून ओहम घ्या. तिन्ही जोड्या सारख्या आल्या आणि मेगरवर वायर-अर्थ एक मेगओहमच्या वर असेल, तर वाइंडिंग वाचलं आहे. मेगर खाली आला तर मोटर फोडायला देण्याआधी केबलचा पाण्यातला जोड उघडून बघा. पाणी बहुतेक वेळा आधी तिथेच शिरतं.